इंजिन उघडण्यापूर्वी धूर पाहा

भोसरीतील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. वडिलांच्या आजारपणानंतर घरचा एकुलता एक मालट्रक गेली दोन वर्षे त्या सांभाळतात. गाडीवर ड्रायव्हर आहे, पण खेपा, हिशेब आणि दुरुस्ती त्यांच्याकडे आहे. ट्रक 2004 सालचा, चार सिलिंडरचा आणि साध्या यांत्रिक पंपाचा आहे. एमआयडीसीतील लहान कारखान्यांचा माल चाकण आणि रांजणगावला पोचवणे हे त्याचे रोजचे काम, आणि महिन्यातून तीन-चार वेळा नाशिकची मुक्कामी खेप असते. दिवाळीच्या आधी सर्व्हिसिंग करून घेतले होते, तरीही दिवाळीपासून ट्रक सकाळी सुरू व्हायला त्रास देतो. पाच-सहा वेळा सेल्फ मारून बॅटरी बसते, मग ड्रायव्हर डिझेल ओढणारा हातपंप मारतो किंवा गल्लीतली मुले धक्का देतात. एकदा सुरू झाला की दिवसभर तक्रार नसते. नाशिकला ओळखीच्या पंपावर टाकी भरून गाडी तिथेच लावतात. तिथे सकाळी तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू होतो. वडिलांच्या काळापासून गाडी पाहणारे मेस्त्री म्हणतात की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा दाबण्याची ताकद, गेले आहे, इंजिन उतरवून लायनर (सिलिंडरांची अस्तरे) आणि पिस्टन बदलावे लागतील आणि खर्च लाखापुढे जाईल. धाकटा भाऊ म्हणतो, विकून टाक. मेस्त्रीकाकांवर अविश्वास दाखवायचा नाही, कर्ज काढायची हिंमत नाही. तेव्हा जुन्या इंजिनाला थंडी बाधते असे समजून हिवाळा कसाबसा काढावा का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, तुम्ही तीन वाटा मांडल्या आहेत: इंजिन उघडणे, गाडी विकणे किंवा हिवाळा ढकलणे. या तिन्ही वाटा एकाच समजुतीतून फुटतात, ती म्हणजे इंजिन म्हातारे झाले आहे. वीस वर्षे माल ओढलेल्या इंजिनाबद्दल कोणी असे म्हटले तर त्यात नवल नाही, आणि मेस्त्रीकाकांचा अंदाज उगाच आला असेल असेही मी म्हणणार नाही. परंतु तुम्ही स्वतःच जाता जाता लिहिलेल्या काही गोष्टी या समजुतीशी जुळत नाहीत, आणि लाखाचा खर्च ठरवण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहणे मला अगत्याचे वाटते.

पहिली गोष्ट नाशिकची. नाशिकची थंडी पुण्यापेक्षा कमी असते असे कोणीही म्हणणार नाही. मग भोसरीत जे इंजिन थंडीने गारठते, ते नाशिकला पहिल्या सेल्फला कसे सुरू होते? दुसरी गोष्ट हातपंपाची. पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांमुळे कॉम्प्रेशन कमी झालेले असेल, तर फीड पंपावरचा, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या छोट्या पंपावरचा, हातपंप कितीही मारला तरी सिलिंडरातली हवा जास्त दाबली जाणार नाही. हातपंप मारून गाडी सुरू होते याचा सरळ अर्थ असा की सकाळी जिथे डिझेल असायला हवे तिथे ते नसते. तिसरी गोष्ट दिवाळीची. लायनर आणि रिंगा महिनोन्‌महिने हळूहळू झिजतात. त्या एखाद्या सणाचा मुहूर्त पाहून झिजत नाहीत. दिवाळीच्या सुमारास पुण्यात दोन गोष्टी घडल्या: थंडी पडू लागली आणि तुमच्या गाडीचे सर्व्हिसिंग झाले. सर्वांनी थंडीला धरले. मी सर्व्हिसिंगकडे पाहीन, कारण त्यात डिझेल फिल्टर बदलला गेला असणार.

पुढचे समजण्यासाठी डिझेल इंजिन सुरू कसे होते, ते थोडक्यात सांगतो. यात ठिणगी देणारा प्लग नसतो. सिलिंडरात घेतलेली हवा साधारण सतरा-अठरा पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती 500 अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नोझलमधून धुक्यासारखे बारीक डिझेल उडाले की ते आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिन पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, हवा पुरती दाबली गेली पाहिजे आणि डिझेल योग्य वेळी, योग्य दाबाने आत पोचले पाहिजे. यांपैकी वेगाचे महत्त्व आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 साली पुण्यात, खडकीला उभी राहिली, आणि तसल्या इंजिनांचा ठोका विहिरींवर ऐकत वाढलेल्या प्रत्येकाने हँडल मारण्याची रीत पाहिलेली आहे: आधी कॉम्प्रेशन सोडणारा खटका उचलून धरायचा, हँडल मारून जड चाकाला पुरेसा वेग द्यायचा आणि मगच खटका सोडायचा. हँडल हळू फिरले तर दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देऊन बसते, थोडी रिंगांवाटे निसटते, आणि डिझेल पेटत नाही. तुमच्या ट्रकात हँडलचे काम सेल्फ करतो, एवढाच फरक.

आता तुम्हाला स्पॅनर हातात न घेता करता येईल अशी पहिली तपासणी सांगतो. उद्या सकाळी ड्रायव्हरला गाडीजवळ पाठवण्याऐवजी तुम्ही स्वतः जा, सायलेन्सरच्या तोंडाकडे उभ्या राहा आणि ड्रायव्हरला दहा सेकंद सेल्फ मारायला सांगा. इंजिन नेहमीच्या वेगाने फिरत असूनही सायलेन्सरमधून धूरच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल, तर डिझेल पोचते आहे पण पेटत नाही; मग कॉम्प्रेशन, पंपाचे टायमिंग, नोझलची फवारणी किंवा सेल्फचा वेग यांकडे पाहावे लागेल. सुरू होताच काळा धूर येऊन नंतर विरत असेल, तर एखादे नोझल गळत असावे किंवा एअर क्लीनर तुंबलेला असावा. ही पाहणी फुकट आहे आणि तिने निम्मे प्रश्न एका सकाळी गळून पडतात. मला आश्चर्य वाटते ते याचे की इंजिन उतरवण्याचा सल्ला झाला, पण सकाळी धुराचा रंग कोणता असतो हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

माझा अंदाज असा की तुम्हाला धूर दिसणार नाही, किंवा हातपंप मारल्यानंतरच तो दिसू लागेल. तसे झाले तर गाडी रात्रभरात हवा धरते. डिझेलची टाकी चासीच्या बाजूला खाली असते आणि फीड पंप, फिल्टर आणि नोझलांना दाबाने डिझेल देणारा मोठा पंप हे त्याहून वर असतात. इंजिन बंद झाल्यावर नळीतला डिझेलचा स्तंभ टाकीकडे परत घसरू नये म्हणून फीड पंपात लहान झडपा असतात. त्या झडपेखाली कचरा अडकला, किंवा वाटेत कुठे केसाएवढी जरी फट असली, तर दहा-बारा तासांत हवा आत शिरते आणि डिझेल मागे जाते. सकाळी सेल्फ मारला की आधी ही हवा ढकलली जाते; हवा दाबली जाते पण नोझल उघडण्याएवढा दाब तिच्यातून तयार होत नाही. टाकी भरलेली असली की डिझेलची पातळी वर असते, मागे ओढ कमी पडते, म्हणून त्रास कमी होतो. तुमच्या नाशिकच्या कोड्याचे उत्तर मला थंडीत नाही, त्या भरलेल्या टाकीत दिसते. पडताळून पाहायचे असेल तर एका संध्याकाळी भोसरीतच टाकी पूर्ण भरून गाडी लावा आणि सकाळी काय होते ते पाहा. गल्लीला चढ असेल आणि गाडीचे तोंड चढाकडे असेल, तर टाकी इंजिनाच्या मानाने आणखी खाली जाते, तेव्हा एक दिवस गाडी उलटी लावूनही फरक पडतो का ते पाहता येईल.

इथे बहुतेक जण फसतात, आणि मीही फसलो आहे. काही वर्षांपूर्वी अशाच तक्रारीच्या एका गाडीचा मोठा पंप मी उतरवून बेंचवर, म्हणजे पंप तपासण्याच्या यंत्रावर, पाठवला, नोझलही दुरुस्त करून घेतले, आणि गाडी पुन्हा तशीच. नळी मी हाताने चाचपली होती. ती कोरडी होती, म्हणून मी तिला निर्दोष ठरवले होते. पण टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा असतो. तिथल्या फटीतून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते, त्यामुळे ती नळी कोरडीच राहते. शेवटी दोषी निघाला तो नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टखालचा तांब्याचा वॉशर, दोन-तीनदा वापरून कडक झालेला. तेव्हापासून कोरडी नळी हा पुरावा मी मानत नाही.

म्हणून मेस्त्रीकाकांकडून हे करून घ्या. टाकीकडून येणारी नळी फीड पंपापाशी सोडून, तिच्या जागी एक पारदर्शक नळी जोडून, तिचे दुसरे टोक स्वच्छ गाळलेल्या डिझेलच्या पाच लिटरच्या कॅनमध्ये बुडवायचे. कॅन फीड पंपाच्या पातळीला किंवा थोडा वर, नीट बांधून ठेवायचा, इंजिन चालवून हवा काढायची आणि गाडी रात्रभर तशीच उभी करायची. आसपास विडी-सिगारेट कोणी ओढू नये हे सांगायला नको. सकाळी पहिल्या सेल्फला गाडी सुरू झाली तर दोष बहुधा टाकी, तिच्यातली जाळी, नळी किंवा तिच्या जोडांत आहे, आणि जुनी रबरी नळी व सगळे वॉशर नवे घालून प्रश्न संपतो. तरीही सुरू झाली नाही तर संशय पुढे सरकतो: फीड पंपाच्या झडपा, मोठ्या पंपावरची जादा डिझेल परत सोडणारी ओव्हरफ्लो झडप, आणि विशेषतः फिल्टरचे डोके. दिवाळीच्या सर्व्हिसिंगमध्ये फिल्टरची जुनी रबरी रिंग वर चिकटून राहिली आणि नवी तिच्यावरच बसवली गेली, किंवा मधल्या बोल्टचा वॉशर जुनाच ठेवला, असे घडते; काम करणाऱ्याच्या हाताला ते जाणवतही नाही. पारदर्शक नळीचा आणखी एक फायदा असा की ती नंतर फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये जोडली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, आणि मग कोणाच्या मताला कोणाचे मत भिडवावे लागत नाही.

हवा काढतानाही क्रम पाळावा लागतो. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारायचा, तो कसायचा, मग मोठ्या पंपावरचा स्क्रू, आणि गरज पडली तरच नोझलकडे जाणाऱ्या पाइपांचे नट. हे शेवटचे काम तुम्ही किंवा ड्रायव्हरने करू नये, कारण त्या पाइपांतले डिझेल कातडी भेदून आत जाण्याइतक्या दाबाने उडू शकते. अन्य वाचकांना इथेच सांगतो की ही सगळी पद्धत जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. संगणकावर चालणाऱ्या कॉमन रेल गाड्यांत दाब 1000 बारच्या कितीतरी वर जातो, त्यांचे पाइप चालू इंजिनावर सैल करण्याचा विचारही करू नये.

बॅटरी आणि सेल्फचे काम एका सकाळचे आहे. पाच-सहा सेल्फ मारून बॅटरी बसते हे परिणाम असेल, पण रोज असे बसून बसून बॅटरी आता कारणही झालेली असू शकते. बारा व्होल्टची चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी कमकुवत आहे किंवा सेल्फच जास्त करंट खातो आहे. दोन बॅटऱ्यांची 24 व्होल्टची गाडी असेल तर आकडे दुप्पट धरावेत. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे आणि ती घासून घट्ट करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये मिनिटभर थांबावे, नाहीतर बॅटरीबरोबर सेल्फही जळतो.

धक्क्याबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदत नसते. पेडल दगडासारखे होते किंवा हवेचे ब्रेक असतील तर हवेच्या टाकीत दाबच नसतो. चार मुले मागून ढकलत आहेत, पुढे गल्ली आहे, आणि ट्रक घरंगळला तर थांबवायला काही नाही, ही रोजची व्यवस्था होऊ शकत नाही. तसेच कोणी एअर क्लीनरच्या तोंडात स्टार्टिंग स्प्रे मारण्याचे किंवा पेटता बोळा धरण्याचे सुचवले तर स्पष्ट नकार द्या. स्प्रे डिझेलच्या आधी आणि धडाक्याने पेटतो. त्याने रिंगा आणि पिस्टन तुटतात, आणि ज्या गाडीत हवा तापवणारे हीटर असते तिथे तर सरळ स्फोट होतो. आज नसलेला कॉम्प्रेशनचा दोष अशाने दोन महिन्यांत खरा होईल.

आता मेस्त्रीकाका बरोबर असतील तर काय? तेही तपासता येते. सेल्फच्या वेळी भरपूर पांढरा धूर येतो, कॅनची युक्ती करूनही फरक पडत नाही, ऑइल भरायचे झाकण उघडल्यावर चालू इंजिनातून फुसफुस धूर बाहेर येतो, ऑइल खाल्ले जाते आणि घाटात गाडी पूर्वीसारखी ओढत नाही: ही लक्षणे एकत्र दिसली तर कॉम्प्रेशन मीटर लावून चारही सिलिंडर मोजून घ्या. एकूण आकड्याइतकेच सिलिंडरांमधल्या फरकाकडे लक्ष द्या. तीन चांगले आणि एकच खाली असेल तर दोष त्या सिलिंडरच्या व्हॉल्वमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये असू शकतो, आणि तिथे हेड उतरवून भागते. त्याआधी व्हॉल्व उघडणाऱ्या टॅपेटचे अंतर मोजायला लावा, कारण अंतर कमी पडून व्हॉल्व पुरता बसत नसेल तरी कॉम्प्रेशन कमी दिसते. तुमच्या पत्रात ऑइल खाण्याचा किंवा ओढ कमी झाल्याचा उल्लेख नाही, दिवसभर तक्रार नाही असे तुम्ही लिहिता, म्हणून माझा कौल सध्या तरी इंजिन न उघडण्याकडे आहे.

मेस्त्रीकाकांशी कसे बोलावे, ही खरी अडचण तुमच्या पत्राच्या ओळींमध्ये आहे. दुसऱ्या गॅरेजात गुपचूप गाडी नेण्याची गरज नाही, आणि तुमचे निदान चुकले असे म्हणण्याचीही नाही. "काका, कर्ज काढायच्या आधी एकदा कॅनवर रात्रभर ठेवून बघू, म्हणजे बाबांनाही सांगता येईल की सगळे करून पाहिले," एवढे म्हणा. जुना मेस्त्री अशा बोलण्याने दुखावत नाही. फिल्टर त्याच्याच हातून बसला असेल तर तो स्वतःहून आधी ती रिंग उघडून पाहील. कामाची मजुरी मात्र न मागता द्या, कारण तपासणी हेही काम आहे आणि आपल्याकडे माणसे सुटे भाग बदलल्याचे पैसे देतात, शोधल्याचे देत नाहीत, म्हणून मेस्त्रीलाही शोधण्यापेक्षा बदलणे परवडते.

भावाच्या सूचनेबद्दल थोडेच. गाडी विकायची की नाही हा तुमच्या खेपांच्या हिशेबाचा प्रश्न आहे. पण विकायचीच असेल तर आधी हा दोष काढा. जुना ट्रक घेणारा माणूस सकाळीच येतो, बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड असल्याची खात्री करतो आणि मगच सेल्फ मारायला सांगतो. तिथे पाचव्या सेल्फला सुरू झालेल्या गाडीची किंमत तो इंजिनाचे काम धरूनच बोलतो.

ज्या वाचकांची गाडी याच्या उलट, म्हणजे सकाळी सुरू होते आणि दुपारी तापल्यावर बंद करून पुन्हा सुरू करताना त्रास देते, त्यांनी हवेमागे लागू नये. तापलेले डिझेल पातळ होते आणि मोठ्या पंपातले प्लंजर, म्हणजे डिझेल दाबणारे दट्टे, झिजलेले असतील तर ते बाजूने निसटते, म्हणून सेल्फच्या कमी वेगाला पुरेसा दाब होत नाही. पंपावर ओले फडके ठेवून तो थंड केल्यावर गाडी सुरू झाली, तर पंप बेंचवर पाठवण्याची वेळ आली आहे असे समजावे.

ताई, कॅनच्या तपासणीसाठी अशी रात्र निवडा की दुसऱ्या दिवशी चाकणची खेप उशिरा असेल. सेल्फ किती वेळा मारला, धूर कोणता होता, टाकी किती भरली होती, हे चार-पाच सकाळी वहीत लिहा आणि ती वही मेस्त्रीकाकांसमोर ठेवा. निकाल कळवलात तर आनंद होईल. आणि फिल्टरवर खरोखरच दोन रिंगा निघाल्या तर त्यातली जुनी फेकण्यापूर्वी भावाला दाखवा.